तळघरातलं पाणी : प्रकल्प नोंदी

२ जून

तळघर आतून ८ × ६ मीटर. कोब्याची पातळी बाहेरच्या जमिनीपासून २.३ मीटर खाली. भिंती ओतीव काँक्रीटच्या, जाडी २३० मिमी. कोबा १२५ मिमी, त्यात सळई नाही. उत्तर आणि दक्षिण भिंती लांब, पूर्व आणि पश्चिम आखूड.

ओलीच्या पाच जागा सापडल्या. पुढे लिहायला सोपं जावं म्हणून अक्षरं दिली आहेत. अ : ईशान्य कोपरा, छतापासून अर्धा मीटर खाली ओलीचा डाग, कडेनं लोणा (भिंतीतून बाहेर आलेले पांढरे क्षार). ब : पश्चिम भिंतीतली उभी चीर, लांबी १.६ मीटर. क : दक्षिण भिंत कोब्याला मिळते ती रेघ, सगळी ८ मीटर, आणि कोपरा वळून पश्चिम भिंतीलाही ४ मीटर. ड : खोलीच्या मधोमध कोब्यावर दमट, काळपट पट्टा. इ : पूर्व भिंतीतून जाणाऱ्या ११० मिमी सांडपाण्याच्या पाइपाभोवतीची कड.

प्रत्येक डागाची आजची कड खडूनं आखून शेजारी तारीख टाकली. वॉटरप्रूफिंगचा एकही डबा अजून आणायचा नाही. पाणी कुठून येतंय हे कळायच्या आत भिंतीला लेप मारला तर खुणाच झाकल्या जातात आणि पाणी दोन मीटर पलीकडे डोकं वर काढतं.

रात्री सगळे नळ बंद करून मीटरचा आकडा लिहून ठेवला. टाकीचा बॉल-कॉकही बंद केला, नाहीतर टाकी भरताना मीटर फिरतो आणि निष्कर्ष चुकतो.

क च्या वर भिंतीवर आणि ड वर जमिनीवर ४५ × ४५ सेमी जाड प्लास्टिकचे तुकडे चारही बाजूंनी टेपनं बंद केले. किमान १६ तास हात लावायचा नाही. ओल्या भिंतीवर टेप धरत नाही, म्हणून कडेची पट्टी आधी हेअर ड्रायरनं कोरडी करून घेतली.

३ जून

मीटर जागचा हलला नाही. दाबाखालची नळजोडणी संशयातून सुटली. सांडपाण्याच्या पाइपाला ही चाचणी लागू नाही, त्यात दाब नसतो. त्यासाठी वरच्या मोरीत रंग कालवलेलं २० लिटर पाणी सोडलं. इ च्या कडेला रंग उतरला नाही, म्हणजे पाइप शाबूत आहे, दोष पाइप आणि भिंत यांच्यामधल्या भरावात आहे.

प्लास्टिक उघडलं. क ला थेंब प्लास्टिकच्या मागे, भिंतीकडच्या अंगाला. हा खरा पाझर. ड ला उलटं : खालची जमीन कोरडी आणि प्लास्टिकच्या वरच्या अंगाला बारीक दव. खोलीतली हवा २८ अंश, आर्द्रता ८० टक्के. अशा हवेचा दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होतं) २४ अंशांच्या आसपास येतो आणि कोब्याचं तापमान भरलं २३. थंड पाण्याच्या तांब्याला घाम येतो तसा कोब्याला घाम येतोय. ड चं काम संपलं. बाहेरची हवा दमट असेल तेव्हा खिडक्या बंद ठेवायच्या आणि आत डीह्युमिडिफायर (हवेतली ओल काढणारं यंत्र) लावून आर्द्रता ६० च्या खाली आणायची. ‘हवा खेळती ठेवा’ हा सल्ला दमट दिवसांत तळघराला उलटा पडतो, कारण येणारी हवा सोबत पाणीच घेऊन येते.

९ जून

पहिला मोठा पाऊस. उघड्यावर ठेवलेल्या सरळ कडांच्या डब्यात ४० मिमी भरलं. घड्याळ लावून बसण्याचा दिवस हाच. सगळ्या कामात याहून स्वस्त आणि याहून उपयोगी चाचणी नाही.

पाऊस दुपारी ४:१०ला सुरू झाला. अ ला ४:५०ला थेंब, म्हणजे ४० मिनिटांत. ब ला संध्याकाळी ७:३०ला चिरेच्या खालच्या टोकातून ओघळ. इ त्याच सुमारास. पाऊस ८ वाजता थांबला, अ तासाभरात बंद. क मात्र रात्रभर जसाच्या तसा.

१० जून

क ला आज सकाळी ११ वाजता पाणी फुटलं, पाऊस थांबून पंधरा तास झाल्यावर. रेघेला बोट लावलं की पाणी बोटाच्या दोन्ही बाजूंनी सरकतं. पुसून काढलं तर दहा मिनिटांत तेवढंच परत.

यावरून मांडणी अशी. मिनिटांत येणारं आणि पावसाबरोबर थांबणारं पाणी छपराचं किंवा अंगणाचं, भिंतीला लगटून उतरणारं. काही तासांनी येणारं पाणी भिंतीलगतच्या भरावातून मुरून आलेलं. दिवसभरानं येऊन नंतर दिवसेंदिवस टिकणारं पाणी खालून चढलेलं, म्हणजे कोब्याखालची पाण्याची पातळीच वर आलेली. (पावसाशी काही संबंध नसलेलं पाणी बहुधा पाइपाचं असतं, ते आपण बाद केलंय.) तीन वेगळी पाणी, तीन वेगळे उपाय. क्रम बाहेरून आत. बाहेरचं पाणी कमी केल्याशिवाय आतल्या कामाचा आकार कळत नाही.

१२ जून

क चं पाणी तिसऱ्या दिवशी आटलं.

अ साठी बाहेरून पाइपानं पाणी मारून पाहिलं. आधी जमिनीलगत, एका जागी २५ मिनिटं, मग अर्धा मीटर वर, असं खालून वर जायचं. वरून सुरुवात केली तर पाणी खाली ओघळून सगळंच भिजतं आणि काही सिद्ध होत नाही. भिंतीवर मारलेल्या पाण्यानं काही झालं नाही. पन्हळीत पाणी सोडल्यावर ३५ मिनिटांत आत थेंब.

पन्हळीतून उतरणारा पाइप भिंतीपासून ३० सेमीवर जमिनीत शिरतो. खणून पाहिलं तर पहिलाच सांधा निखळलेला, तोंडात मातीची गच्च बोळी. या पाइपावर ५० चौरस मीटर छप्पर येतं. १ मिमी पाऊस म्हणजे चौरस मीटरला १ लिटर, तेव्हा ९ जूनला इथे २,००० लिटर पाणी भिंतीच्या मुळाशी ओतलं गेलं. तळघर बांधताना खणलेला खड्डा नंतर भरलेला असतो आणि ती माती कधीच मूळ जमिनीइतकी घट्ट नसते. वर्षागणिक ती दबते आणि अंगणाचा ढाळ भिंतीकडेच फिरतो. इथे लेव्हल पाइप (पाणी भरलेली पारदर्शक नळी) लावून पाहिलं : भिंतीजवळची जमीन ३ मीटर लांबच्या जमिनीपेक्षा ६ सेमी खाली.

१४ ते १६ जून

उत्तर बाजूला ४ मीटर आणि पश्चिमेला ५ मीटर, अशा ९ मीटर लांबीत ढाळ नव्यानं काढला. माप : पहिल्या ३ मीटरमध्ये १५ सेमी उतार. तेवढ्यासाठी २ घनमीटर दाबलेली माती लागते, सैल मापानं २.६ घनमीटर आणली. ६ सेमीचा उलटा खड्डा आधी खणून काढलेल्या मातीनंच भरला.

माती चिकणीच हवी. भिंतीलगत वाळू किंवा खडी टाकून वर शोभेचे गोटे पसरणं म्हणजे पाण्याला चाळणीतून रस्ता देणं. दिसायला छान, पण पाणी गोट्यांतून थेट भिंतीच्या पायाशी. माती १० सेमीच्या थरांनी टाकायची, किंचित ओली करायची, धुम्मसनं ठोकायची. माती आणि प्लिंथची (जोत्याची) वरची कड यांत १५ सेमी भिंत उघडी राहू दिली, नाहीतर ओल वरच्या विटांत चढते.

पन्हळीच्या पाइपाला नवीन ११० मिमी बंद पाइप जोडला, ढाळ १:१००, तोंड भिंतीपासून ३ मीटरवर. छिद्रांचा पाइप इथे चालत नाही, तो वाटेतच पाणी सोडतो. माती घालण्याआधी दहा बादल्या पाणी सोडून प्रत्येक सांधा हातानं चाचपला.

पश्चिमेला काँक्रीटचा पदपथ भिंतीला टेकतो त्या फटीत जुना सिमेंटचा भराव सुटलेला होता. तो काढून फोमची दोरी दाबून बसवली आणि वर पॉलियुरेथेन सीलंट. दोरी नसेल तर सीलंट तळाला, डाव्या आणि उजव्या कडेला, तिन्हीकडे चिकटतो आणि फट उघडझाप करताच फाटतो. दोनच कडांना चिकटलेला सीलंट ताणला जातो.

२१ जून

५२ मिमी पाऊस. अ पूर्ण कोरडा. खडूची रेघ जशीच्या तशी, डाग तिच्या आत आक्रसलेला. ब ला ओघळ आहे पण बारीक. तळाशी लावलेल्या डब्यात तासाला १.१ लिटर, ९ जूनला ३ लिटर होतं. क मध्ये काडीचाही फरक नाही.

बाहेर उत्तर बाजूची नवी माती दीड मीटर लांबीत ४ सेमी दबली. कारण उघड आहे : शेवटचा थर एकदम २० सेमीचा टाकला होता, घाई झाली. वरून घट्ट, खालून पोकळ. उकरून दोन थरांत पुन्हा ठोकली.

२५ जून : चीर (ब)

भरण्याआधी चीर कसली आहे ते पाहायचं. ही उभी आहे, रुंदी वरपासून खालपर्यंत ०.४ मिमी, दोन्ही कडा एकाच पातळीत. २ जूनला चिरेवर आडव्या मारलेल्या पेन्सिलच्या रेघा सरकलेल्या नाहीत. काँक्रीट वाळताना आकसून पडलेली चीर आहे ही. भिंतीच्या मध्यावर आडवी चीर असती आणि ओळंबा सोडल्यावर पोट पुढे आलेलं दिसलं असतं, तर भरण्याचा विषयच नव्हता. ती मातीच्या रेट्यानं वाकणारी भिंत, तिथे आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर.

इपॉक्सी की पॉलियुरेथेन? इपॉक्सी काँक्रीटला सांधतो, पण चीर कोरडी लागते. पॉलियुरेथेन पाण्याशीच रासायनिक क्रिया करून फुगतो, ओल्या चिरेला हाच.

भोकं चिरेवर मारायची नाहीत. बाजूला, भिंतीच्या निम्म्या जाडीइतक्या अंतरावर, म्हणजे ११५ मिमीवरून ४५ अंशात तिरकी मारायची. ती चिरेला भिंतीच्या पोटात मधोमध छेदतात. तिथवर भोकाची लांबी १६३ मिमी येते, आम्ही १३ मिमीच्या बिटनं १९० मिमी मारली. एक डावीकडून, एक उजवीकडून, दर २० सेमीवर. १.६ मीटरला ८ भोकं. एकाला सळई लागली, कोन थोडा बदलून पुन्हा मारलं. सळई कापत बसायचं नाही.

भोकं हवेनं फुंकून पॅकर (पॉलियुरेथेन रेझिन दाबून भरायच्या तोट्या) बसवले आणि आधी नुसतं पाणी दाबलं. चिरेतून पाणी बाहेर आलं की भोक चिरेला भेटलंय याची खात्री, शिवाय आतली धूळ धुतली जाते. चौथ्या पॅकरमधून काहीच येईना. दाब वाढवत न्यायचा मोह इथेच होतो आणि पॅकर बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो. पॅकर काढला, बारीक ब्रशनं भोक साफ केलं. तळाशी ओल्या धुळीचा लगदा बसला होता. नंतर पाणी वाहिलं.

रेझिन सगळ्यात खालच्या पॅकरपासून. आधी चिरेतून गढूळ पाणी, मग पिवळट पाणी, मग फेस. फेस घट्ट होत होत चिरेच्या ओठावर दाण्यादाण्यानं उभा राहतो. वरच्या पॅकरमधून रेझिन डोकावलं की खालचा बंद करून तिथे जायचं. वर पोचल्यावर, रेझिन धरायच्या आत, खालून आणखी एक फेरी. दुसऱ्या फेरीतही खालच्या दोन पॅकरनी रेझिन घेतलं.

हिशेबानं चिरेचं पोट १६० × २३ × ०.०४ सेमी, जेमतेम १५० मिलि. लागलं ९०० मिलि. उरलेलं भिंतीमागच्या पोकळ्यांत आणि मातीत गेलं, ते जातंच. चिरेच्या मापानं रेझिन आणलं तर ऐन वेळी कमी पडतं. हातमोजे, गॉगल, मास्क आणि हवेचा पंखा सक्तीचे, यातलं आयसोसायनेट हे रसायन छातीला वाईट. पंप काम संपताच सॉल्व्हंटनं धुवायचा, उद्यावर टाकला तर भंगारात.

२६ जून

पॅकर काढून भोकं न आकसणाऱ्या मॉर्टरनं भरली. वाळलेला फेस पट्टीनं खरवडला.

२९ जून : पाइपाची कड (इ)

पाइपाभोवतीचा भराव ३० मिमी रुंद, ४५ मिमी खोल छिन्नीनं काढला. खाच चौकोनी हवी, शक्य तर आत रुंद आणि तोंडाशी अरुंद. इंग्रजी ‘व्ही’सारखी काढली तर आतला दाब भराव बुचासारखा बाहेर ढकलतो.

प्लास्टिकच्या पाइपाला सिमेंट चिकटत नाही, मूळ भराव हरला तो म्हणूनच. म्हणून तळाशी पाइपाभोवती पाण्यानं फुगणारी पट्टी, त्यावर झटपट धरणारं हायड्रॉलिक सिमेंट, तोंडाशी १० मिमी खाच सोडून पॉलियुरेथेन सीलंट.

सिमेंट एका वेळी मुठीत मावेल एवढंच कालवायचं. मळलेल्या कणकेइतकं घट्ट. हातमोज्यातून त्याची ऊब जाणवली की ती वेळ. त्याआधी दाबलं तर पाणी धुऊन नेतं, उशीर केला तर तडकतं आणि कडेला चिकटत नाही. दाबून ४ मिनिटं अंगठा हलवायचा नाही. कोरड्या वरच्या भागापासून सुरुवात करून दोन्ही बाजूंनी खाली यायचं. सगळ्यात ओल्या तळात एक बारीक नळी ठेवून पाण्याला वाट दिली आणि बाकीचं कडक झाल्यावर नळी काढून ते शेवटचं भोक बंद केलं. दाब मोकळा ठेवला नाही तर ताजा भराव हमखास सुटतो.

७ जुलै

दोन दिवसांत ७० मिमी. अ, ब, इ कोरडे. आता फक्त क.

कोब्यात, भिंतीपासून १ मीटरवर, २५ मिमीचं आरपार भोक पाडलं. पाणी कोब्याच्या पृष्ठापासून ३ सेमी खाली दिसलं. ८ तारखेला सकाळी ते भोकातून बाहेर वाहू लागलं. कोबा पाण्यावर बसलाय.

अशा रेघेवर बहुतेक जण काय करतात ते माहीत आहे : खाच मारून वाटा (कोपऱ्यात सिमेंटची गोलाई) काढायचा, वर लेप. हिशेब करून पाहू. बाहेरचं पाणी कोब्याच्या तळापासून अर्धा मीटर वर चढलं तर कोब्याला खालून चौरस मीटरला ५०० किलोचा रेटा बसतो. १२५ मिमी कोब्याचं वजन चौरस मीटरला ३०० किलो. आज रेघेतून पाणी आत येतंय म्हणून तो रेटा साठत नाही. रेघ खरोखरच घट्ट बंद केली, तर कोबा मधोमध फुगेल आणि तडकेल. सळई घातलेला, भिंतीत अडकवलेला जाड तळ असता तर बंद करण्याचा विचार करता आला असता. इथे पाण्याला वाट करून देणं आणि उपसणं एवढाच मार्ग आहे.

(तळघर पूर्ण भरलेलं असताना एका झटक्यात उपसू नये, तेही याच कारणानं. आतल्या पाण्याचा विरुद्ध दाब नाहीसा झाला की भिंती आत येतात. बाहेरची पातळी उतरते तशी थोडी थोडी पातळी खाली आणायची.)

१५ ते १८ जुलै : नाली आणि खड्डा

दक्षिण भिंतीलगत ८ मीटर, पश्चिमेला ४ मीटर, दोन्ही नैर्ऋत्येकडे उतरणाऱ्या.

पहिल्यांदा पाया किती खोल आणि किती पुढे ते एका जागी फोडून पाहिलं. पायाची पट्टी भिंतीपासून १५ सेमी आत आलेली, तिचा तळ कोब्याच्या पृष्ठापासून ४५ सेमी खाली. त्याखाली नालीचा तळ जाता कामा नये, पायाखालची माती सुटते. त्यामुळे कोबा भिंतीपासून ४५ सेमी रुंद कापला : १५ सेमी पट्टीवर, ३० सेमी नाली. सुरुवातीची खोली ३२ सेमी, ढाळ १:१००, म्हणजे ८ मीटरच्या शेवटी ४० सेमी. ४ मीटरची शाखा ३६ पासून सुरू.

कोबा कटरनं कापला, पाणी मारत. वीज ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीतून (करंट गळताच वीज तोडणारा स्विच), ओल्या जमिनीवर त्याशिवाय मशिन चालू करायचं नाही. एका वेळी दीड मीटरच फोडायचं, तेवढ्यात पाइप-खडी घालायची, मग पुढचा टप्पा. सगळी लांबी एकदम उघडली तर भिंतीच्या पायाला आतून असलेला कोब्याचा टेकू जातो आणि बाहेरून मातीचा रेटा चालूच असतो. फोडलेलं काँक्रीट १.६ टन भरलं. २० किलोचं घमेलं धरलं तर जिन्यानं ऐंशी खेपा, त्यावर ०.८५ घनमीटर चिखल वेगळा. माणसांचा अंदाज करताना हे बहुतेक वेळा विसरलं जातं.

नालीत आधी न विणलेलं जिओटेक्स्टाइल कापड (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं), दोन्ही बाजूंना वर घेण्याइतकं रुंद. त्यावर ५ सेमी धुतलेली २० मिमी खडी, मग १०० मिमीचा छिद्रांचा पाइप, छिद्रं खालच्या अंगाला. छिद्रं वर ठेवली की पाणी पाइपाच्या उंचीएवढं साठल्यावरच आत शिरतं आणि तोवर कोब्याखाली तेवढं पाणी कायम राहतं. वर पुन्हा खडी, कापड दुमडून झाकलं. खडी एकूण पाऊण घनमीटर. न धुतलेली खडी आणली होती, पहिल्याच घमेल्यात बोटाला भुकटी लागली. सगळी खाली आणण्याआधी धुतली, नाहीतर ती भुकटी कापडाच्या आतच असल्यानं थेट पाइपात जाते.

दोन्ही शाखांच्या वरच्या टोकाला पाइप उभा करून कोब्याच्या पातळीला झाकण ठेवलं. गाळ येणारच. कधी लोहयुक्त पाण्यात नारिंगी, बुळबुळीत थर धरतो, तो जिवाणूंचा. धुवायला तोंड नसेल तर कोबा पुन्हा फोडावा लागतो.

भिंतीच्या मुळाशी उंचवट्यांचा प्लास्टिक पत्रा, उंचवटे भिंतीकडे, कोब्याच्या वर १० सेमी. भिंतीतून उतरणारं पाणी त्याच्या मागून खडीत पडतं.

नालीचं पाणी जमा होणारा, पंपाचा खड्डा ६० सेमी व्यासाचा, ७५ सेमी खोल. तो पायापेक्षा ३० सेमी खोल जातो, म्हणून पायाच्या कडेपासून ६० सेमी लांब घेतला. पायाच्या तळापासून ४५ अंशाची रेघ सोडली तर खड्डा तिच्या बाहेर राहिला पाहिजे.

२० जुलै : पंप

पावसाच्या दिवशीच माप घेतलं. खड्डा रिकामा करून पाणी चढू दिलं : ५ मिनिटांत १४ सेमी. ६० सेमी व्यासाला १ सेमी म्हणजे २.८ लिटर, तेव्हा आवक मिनिटाला ८ लिटर.

पंप चढाईवरून निवडायचा. खड्ड्यातल्या खालच्या पातळीपासून जमिनीवरच्या तोंडापर्यंत सुमारे ३ मीटर, पाइप आणि वळणांचा विरोध धरून ४ मीटर. डब्यावर मोठ्या अक्षरात छापलेला आकडा शून्य चढाईचा असतो, आलेखात ४ मीटरवर काय देतो ते पाहायचं. इथे ६० लिटर मिनिटाला देणारा घेतला. आवकेच्या सातपट वाटतो, पण याहून मोठा पावसाळी दिवस येणारच. फार मोठाही नको : चालू-बंद पातळ्यांत २० सेमी म्हणजे ५७ लिटर, ते उपसायला मिनिटभर लागतं. दहा-पंधरा सेकंदांत बंद होणारा पंप लवकर जळतो.

पंप विटेवर ठेवला, खडीवर नाही. फ्लोट (पाण्यावर तरंगत पंप चालू-बंद करणारा स्विच) भिंतीला कुठेच अडकत नाही ना, ते हातानं वर-खाली करून पाहिलं. बाहेर जाणारा पाइप ४० मिमी, त्यावर चेक व्हॉल्व्ह (पाणी परत येऊ न देणारी झडप).

चालू केला. मोटरचा आवाज येतो, पाणी हलत नाही. चेक व्हॉल्व्हखाली हवा अडकली होती. पंप आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये पाइपाला ४ मिमीचं भोक, तोंड खाली, खड्ड्यातच राहील असं. ते पाडायचं राहिलं होतं. पाडल्यावर दोन सेकंदांत पाणी उचललं. त्या भोकातून चालू असताना बारीक धार पडते, ती गळती समजून कोणी बंद करू नये, म्हणून शेजारी रंगानं बाण काढला.

२२ जुलै

पाऊस थांबून दोन दिवस झाले तरी पंप दर ९ मिनिटांनी. संशय आला म्हणून बाहेरच्या तोंडाशी रंग टाकला, साडेतीन तासांत खड्ड्यातलं पाणी रंगीत. तात्पुरतं म्हणून पाइपाचं तोंड भिंतीपासून मीटरभरावर ठेवलं होतं, तेच पाणी गोल फिरत होतं. तोंड ५ मीटर लांब, उताराकडे नेलं. संध्याकाळपर्यंत अंतर २५ मिनिटांवर.

२४ जुलै

दुसरा पंप, फ्लोट १० सेमी वर, वेगळ्या सर्किटवर. वीज वादळातच जाते, म्हणून इन्व्हर्टर. पंप ४०० वॅटचा, ८ मिनिटांत एक मिनिट चालतो असं धरलं तर सरासरी ५० वॅट. १२ व्होल्ट १०० अँपिअर-तासाच्या लेड-ॲसिड बॅटरीतून निम्मीच ऊर्जा वापरायची, घट वजा जाता ५०० वॅट-तास, म्हणजे नऊ-दहा तास. इन्व्हर्टर मात्र ४०० वॅटचा चालत नाही. मोटर सुरू होताना कैक पट करंट ओढते.

२७ जुलै

नालीवर २५० मायक्रॉनचं प्लास्टिक, जोडाला १५ सेमी चढाव, त्यावर १:१.५:३ काँक्रीट १२५ मिमी. ०.६८ घनमीटर, सिमेंट साडेपाच गोणी. कापलेली कड खरवडून ओली केली. ७ दिवस पाणी मारलं. खड्ड्याला बंद झाकण, नाहीतर उघड्या पाण्याची वाफ ड चा प्रश्न परत आणते.

५ ऑगस्ट : दक्षिण भिंत

कोब्यापासून १.२ मीटर उंचीपर्यंत भिंतीला दमटपणा उरला आहे. दाब गेल्यावरच लेपाचं काम. जुना रंग आणि सुटलेला गिलावा पूर्ण काढला. लोणा कोरड्या तारेच्या ब्रशनं काढून व्हॅक्यूम केला. धुतला तर क्षार विरघळून परत भिंतीत जातात आणि वाळताना गिलाव्यामागे स्फटिक होऊन तो फोडतात. साधा वॉटरप्रूफ रंग आतून मारल्यावर फुगे येतात ते याचमुळे : मागचं पाणी आणि क्षार त्याला सोलून काढतात.

इथे काँक्रीटच्या आत स्फटिक धरणारा सिमेंटी लेप. भिंत आतून भिजलेली, वरून चकाकी गेलेली. ५ मापं पूड, २ मापं पाणी, २० मिनिटांत संपेल एवढंच. ताठ ब्रशनं घासत, चौरस मीटरला ०.८ किलो. ९.६ चौरस मीटर, दोन हात, १५.५ किलो. दुसरा हात पहिला धरल्यावर पण सुकायच्या आत. पुढचे तीन दिवस दिवसातून तीनदा पाण्याचा फवारा, पंखा बंद. पंखा लावला की लेप भुकटी होऊन हाताला लागतो.

२२ ऑगस्ट

काल ६५ मिमी. पंपाचं अंतर सर्वात कमी असताना ६ मिनिटं, आज सकाळी ४० मिनिटं. अ ते इ सगळ्या खुणा कोरड्या. भिंतीवर प्लास्टिकचा तुकडा पुन्हा लावला, १६ तासांनी मागे ओल नाही. आर्द्रता ५४ टक्के.

मुख्य पंपाचा प्लग काढून दुसरा पंप उचलतो का ते पाहिलं, उचलला. दोन्ही झाकणं उघडून नालीत पाणी सोडलं. पश्चिम शाखेतून बारीक गाळ आला, दक्षिणेतून स्वच्छ. पश्चिम शाखा महिन्याभरानं पुन्हा धुवायची. पन्हळीत ईशान्य कोपऱ्याला पानं साठली आहेत, जाळी अजून बसवलेली नाही.